मधून बाहेर

जूनमध्ये या बेटावर रात्र अशी होतच नाही.
उजेड जरा बाजूला सरकून बसतो, इतकंच.
बारानंतर मी निघते मोजायला:
हातात नकाशा, कानात वारा,
पायांत खात्याने दिलेले बूट, एक माप मोठे.

कॉर्नक्रेक दिसत नाही. दिसायचाही नसतो.
नुसता आवाज. फणीच्या दातांवरून
कुणी काड्यापेटी ओढावी तसा,
दोनदा, थांबून पुन्हा दोनदा.
एक आवाज म्हणजे एक नर,
एक नर म्हणजे नकाशावर एक ठिपका,
आणि ठिपका ज्याच्या गवतात
त्याच्या खात्यावर हेक्टरी अमुक पौंड.
अट एकच: थांबायचं.
ऑगस्ट लागेपर्यंत पात्याला हात नाही.

सही करताना लाखलन मॅकआयझॅक हसला होता.
"चाळीस वर्षं मोराग म्हणायची,
लोकांचं गवत घरात, तुझं अजून उभं.
शेजारी म्हणायचे. एकदा तर पाद्रीही म्हणाला,
भर प्रार्थनेत, नाव न घेता.
आता सरकार म्हणतंय, उशीर केलास? हे घे."
पेन परत देताना, जरा वेळाने:
"ती असती तर हा कागद
चुलीवर फ्रेम करून लावला असता मी."

पान नऊ. कापणी मधून बाहेर.
कडेकडून आत कापत गेलं
तर पिल्लं आत आत सरकतात,
शेवटच्या पट्ट्यात सगळी गोळा होतात,
आणि मग पातं.
मधून सुरू केलं तर त्यांना कड सापडते.
हे मी त्याला समजावत होते,
तीन महिन्यांच्या नोकरीच्या जोरावर.
तो ऐकत होता, शाळेतल्या गुणी मुलासारखा.
"आमच्या बापाकडे लांब दांड्याचा विळा होता.
विळा हळू. पिल्लाला चालायला वेळ मिळायचा.
घाई ट्रॅक्टरने आणली.
आणि ट्रॅक्टरलाही तेव्हा अनुदान होतं, बरं का,
याच खात्याचं.
कागदही याच रंगाचा."
मी पान उलटलं. दहा.

या वर्षी त्याच्या कुरणात आवाज नाही.
चार रात्री गेले. पिवळ्या आयरिसची फुलं,
एक भटकी मेंढी, लांब समुद्र.
आवाज आहे तो कुंपणापलीकडे,
इनाच्या पडक्या गोठ्यामागच्या खाजऱ्या झुडपांत.
इनाने अर्ज केलेला नाही, करणारही नाही:
"माझ्या जमिनीत रात्री कुणी कान लावून फिरायचं नाही."
कुंपणापासून ठिपका अकरा पावलं.
मी दोनदा मोजली.
दुसऱ्यांदा जरा लांब टांगा टाकून.
तरी अकरा.

सांगायला गेले तेव्हा त्याने आधी चहा ओतला.
"म्हणजे हप्ता नाही."
"नाही."
"म्हणजे आज कापलं तरी चालेल."
"चालेल."
जुलैची वीस तारीख, लख्ख ऊन,
रेडिओवर आठवडाभर कोरड्याचं आश्वासन,
खाली तिन्ही बाजूंना यंत्रं सुरू.
असा आठवडा या बेटाला
उन्हाळ्यात एकदाच मिळतो, मिळाला तर.
त्याने खिडकी लावून घेतली. आवाजाचा त्रास होतो म्हणाला.

मग पाऊस. अकरा दिवस.

ऑगस्टच्या बारा तारखेला त्याने ट्रॅक्टर काढला.
माझी सुट्टी होती. मी कुंपणाशी उभी होते,
कामावर नव्हते, हे इथे नमूद करते.
थेट कुरणाच्या पोटात गेला,
आणि तिथून वळत वळत बाहेर,
काळपट, ओलं, निम्म्या किमतीचं गवत आडवं करत.
इनाच्या बाजूचा शेवटचा पट्टा राहिला
तेव्हा यंत्र बंद करून खाली उतरला,
टोपी काढली, डोकं खाजवलं, उभा राहिला.
बराच वेळ.
गवत एका जागी हललं, वाऱ्याच्या उलट.
वारा फिरलाही असेल.

माझा हात सवयीने खिशातल्या पेन्सिलीकडे.
"लिहू नकोस," तो तिकडूनच ओरडला,
"इनाला कळलं तर भाडं मागेल."